घोळक्यातला भगवान
(बी. ए. भाग २, कला शाखा)

जुना चित्रपट सुरू झाला की पडद्यावर नावांच्या पाट्या येऊ लागतात. नायक, नायिका, गीते, संगीत, छायाचित्रण, निर्माता आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शक. प्रेक्षक तोवर अंधारात आपली खुर्ची शोधत असतो. पण ज्यांची नावे या पाट्यांवर कधीच येत नाहीत अशी माणसे चित्रपटात शेकड्यांनी असतात. नायिकेच्या मागे ओळीत उभ्या राहून नाचणाऱ्या मुली, नायकाच्या मागे टोप्या उडवणारे तरुण, वरातीतली, बाजारातली, जत्रेतली माणसे! ही माणसे काढून घेतली तर नायक-नायिका रिकाम्या मैदानात नाचणाऱ्या दोन वेड्यांसारखी दिसतील. तरीही त्यांना आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘एक्स्ट्रा’ म्हणत. एक्स्ट्रा म्हणजे जास्तीचा, नसला तरी चालणारा. पुढे ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ हा जरा बरा शब्द आला एवढेच.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशातली नाही. अमेरिकेत १९३३ साली ‘फॉर्टीसेकंड स्ट्रीट’ नावाचा संगीतपट आला. बझ्बी बर्कले या नृत्यदिग्दर्शकाची त्यातील नृत्ये गाजली. तो कॅमेरा उंच छताला नेऊन बसवी आणि खाली नाचणाऱ्या मुलींच्या रांगांतून फुले, चक्रे, पाकळ्या तयार करी. त्या चित्रपटाची कथासुद्धा अशाच एका मागच्या रांगेतील मुलीची आहे. मुख्य नटीचा पाय मोडतो आणि त्या मुलीला पुढे येण्याची संधी मिळते. कथेतल्या त्या एका मुलीचे भाग्य उजळले. पण तिच्या आजूबाजूला खरोखर नाचणाऱ्या मुलींची नावे प्रेक्षकांना कधी कळली नाहीत. फुलाचे कौतुक झाले, पाकळ्यांची नावे कोणी विचारली नाहीत.

हिंदी चित्रपटसृष्टीत मात्र एक माणूस असा होऊन गेला, की तो घोळक्यातून पुढे आला, नायक झाला, निर्माता झाला, स्टुडिओचा मालक झाला आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा त्याच घोळक्यात जाऊन उभा राहिला. तो मराठी होता आणि त्याचा जन्म आपल्या शेजारच्या अमरावतीचा. त्याचे नाव भगवान आभाजी पालव. जगाने त्याला मास्टर भगवान म्हटले, भगवानदादा म्हटले.

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट झळकला होता. म्हणजे भारतीय चित्रपट आणि भगवानदादा हे एकाच सालचे, जणू एका पाळण्यातले! परंतु दोघांची घरे निराळी होती. भगवानदादांचे वडील मुंबईच्या कापडगिरणीत कामगार होते. त्या काळी आपल्या वऱ्हाडातला कापूस रेल्वेने मुंबईला जाई. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आपली ‘शकुंतला’ ही छोटी गाडी तर कापूस वाहण्यासाठीच घातली गेली होती. तो कापूस काही परदेशी जाई, काही मुंबईच्या गिरण्यांत जाई. ज्या कापसावर आपल्या आजा-पणजांची पोटे भरली, त्याच कापसाच्या धाग्यावर परळ-दादरच्या चाळींतली हजारो कुटुंबे जगत होती. त्या कामगारवस्तीत भगवान वाढला.

शाळेत त्याचे फारसे चित्त रमले नाही. शिक्षण लवकर सुटले आणि अंगमेहनतीची कामे नशिबी आली. पण डोक्यात एकच वेड होते, ते म्हणजे सिनेमाचे! त्या काळी डग्लस फेअरबँक्स हा अमेरिकन नट साऱ्या जगाला भुरळ घालीत होता. तो भिंतींवरून उड्या मारी, तलवार चालवी, झुंबराला लोंबकळून शत्रूवर झेप घेई. मूकपटाला भाषेचा अडसर नसतो. त्यामुळे परळचा गिरणी कामगारही फेअरबँक्सचा चित्रपट तितक्याच आनंदाने पाहू शके, जितका न्यूयॉर्कचा शेठ! भगवानने त्यालाच गुरू मानले. व्यायामाने शरीर कमावले आणि स्टुडिओच्या फाटकांवर चकरा सुरू केल्या.

मूकपटांचे दिवस संपत आले असताना भगवानला लहानसहान कामे मिळू लागली. गर्दीत उभे राहायचे, मार खायचा, पडायचे, पुन्हा उठायचे. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटातील अनेक नटांची भाकरी गेली. ज्यांना बोलता येत नव्हते, गाता येत नव्हते, ते बाजूला पडले. भगवान टिकला, कारण त्याचे भांडवल जिभेवर नव्हते, हातापायांत होते. शिवाय तो नुसता काम करून घरी जाणारा नव्हता. कॅमेरा कुठे ठेवतात, दिवे कसे लावतात, फिल्म कशी कापतात व जोडतात, हे सारे तो बारकाईने पाहत होता. चित्रपट शिकवणारी शाळा तेव्हा नव्हती. स्टुडिओचे अंगण हीच त्याची शाळा.

१९३८ साली ‘बहादुर किसान’ हा चित्रपट त्याने चंद्रराव कदम यांच्यासोबत दिग्दर्शित केला. तेव्हा त्याचे वय होते अवघे पंचवीस! त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत त्याने मारामारीचे, साहसाचे कितीतरी चित्रपट काढले. या चित्रपटांना ‘स्टंटपट’ म्हणत. खर्च अगदी बेताचा. सुमारे ६५ हजार रुपयांत तो अख्खा चित्रपट उभा करी. त्यासाठी कपडे कसे असावेत हे स्वतः ठरवी, नटांच्या जेवणाचीही व्यवस्था स्वतः पाही आणि उंचावरून उडी मारायची झाली तर बदली माणूस न घेता स्वतःच मारी. बहुधा तो भोळ्या-भाबड्या गड्याची भूमिका करी. गिरणीची पाळी संपवून आलेला कामगार चार-सहा आण्यांचे तिकीट काढून बसे आणि आपल्यासारखाच दिसणारा एक बुटका, जाडसर माणूस दुष्टांना लोळवताना पाहून शिट्ट्या वाजवी. सुशिक्षितांनी व वर्तमानपत्रांनी या चित्रपटांकडे पाहून नाक मुरडले. आज त्यांपैकी फारसे काही पाहायलाही मिळत नाही.

या काळातील एक घटना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना केवळ गोड तेवढेच लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे, पण ती बरी नव्हे. १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी ललिता पवार यांना थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता. नाटकातली थप्पड ही दिसायला मोठी आणि लागायला हलकी असावी लागते. ती थप्पड खरोखरीची बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर परिणाम झाला, डाव्या डोळ्याला इजा झाली. काही वर्षे उपचार चालले, पण डोळा पूर्ववत झाला नाही. नायिका म्हणून ऐन भरात असलेल्या त्या नटीचे नायिकापद एका क्षणात संपले. पुढे त्याच मिटत्या डोळ्याच्या बळावर त्यांनी खाष्ट सासवा अशा काही रंगवल्या, की गावोगावच्या बायका त्यांना शिव्या देत. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील त्यांची मंथरा आपल्या आईवडिलांच्या पिढीला आजही आठवते. ललिताबाईंनी संकटाचे सोने केले हे खरे. पण म्हणून ती थप्पड हलकी ठरत नाही. चित्रपटात मारामारी खोटी असते आणि जखम खरी असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. ललिताबाईंचे निदान नाव तरी होते. ज्यांचे नाव नाही असे किती जण स्टंट करताना मोडले असतील!

१९४२ सालीच भगवानदादांनी निर्माता म्हणून पाऊल टाकले. त्यांच्या संस्थेचे नाव जागृती पिक्चर्स. १९४७ साली देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांनी चेंबूरला जागा घेऊन जागृती स्टुडिओ उभारण्यास आरंभ केला. गिरणी कामगाराचा मुलगा स्टुडिओचा मालक झाला! याच सुमारास त्यांना एक जिवाभावाचा सोबती लाभला होता. तो म्हणजे अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात संगीतकार सी. रामचंद्र. १९४२ च्या ‘सुखी जीवन’ या भगवानदादांच्या चित्रपटाने त्यांना हिंदीत संगीतकार म्हणून संधी दिली. दोघेही मराठी, दोघेही धडपडे आणि दोघांनाही परदेशी ठेक्याचे वेड.

राज कपूर यांनी भगवानदादांना सल्ला दिला, की आता मारामाऱ्या पुरे, एखादा सामाजिक चित्रपट काढ. त्या सल्ल्यातून १९५१ साली ‘अलबेला’ जन्माला आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्र यांचे, आवाज लता मंगेशकर व खुद्द चितळकर यांचे. कथा प्यारेलाल नावाच्या एका सामान्य घरातील तरुणाची. त्याला नट व्हायचे आहे, घरच्यांना ते खूळ वाटते. तो घर सोडून जातो, रंगभूमीवर नाव कमावतो, घरी पैसे पाठवतो. पण ते पैसे घरच्यांच्या हाती पडत नाहीत आणि परत येतो तेव्हा आई राहिलेली नसते. पाहणाऱ्याला वाटावे, भगवानदादांनी आपलेच अंतःकरण या कथेत ओतले आहे.

चित्रपट तुफान चालला. त्यातील गाण्यांनी तर कहर केला. ‘शोला जो भडके’ हे गाणे आज सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी लग्नाच्या बँडवर वाजतेच. त्या संगीतात बोंगो होता, ट्रंपेट होता, सॅक्सोफोन होता. हे वाजवणारे कोण? बहुतेक गोव्याचे वादक! हॉटेलांतून पाश्चात्त्य नृत्यसंगीत वाजवून त्यांचा हात बसला होता. त्यांच्यापैकी चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले अँटोनिओ झेवियर वाझ हे हळदोण्याचे ट्रंपेटवादक सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते आणि ‘अलबेला’त आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले. परंतु अशा शेकडो गोमंतकीय वादकांची नावे हिंदी चित्रपटांच्या पाट्यांवर कधी आली नाहीत. मागे नाचणाऱ्यांचे जे भाग्य, तेच मागे वाजवणाऱ्यांचे!

आता भगवानदादांच्या नाचाविषयी. त्यांनी कथक शिकले नव्हते, भरतनाट्यम शिकले नव्हते. देह आडवा, मान आखूड, पोट पुढे. अशा माणसाने नाचायचे तरी कसे? त्यांनी त्यावर साधा उपाय शोधला. पाय जागच्या जागी ठेक्यात टाकायचे, गुडघे किंचित वाकवायचे, खांदे हलवायचे, दोन्ही हात मोकळे सोडून हवेत झुलवायचे आणि चेहऱ्यावर असे हसू आणायचे, की जगात दुःख म्हणून काही नाहीच! हा नाच मुंबईच्या गणपतीच्या मिरवणुकीतला होता. ढोल-ताशापुढे माणूस देहभान विसरून जसा नाचतो, तसाच. त्याला गुरू लागत नाही, आरसा लागत नाही, बारीक कंबर लागत नाही. म्हणूनच तो लोकांना आपला वाटला. पडद्यावरचा नाच पाहून तसा घरी करावा असे वाटणे निराळे आणि तो करता येणे निराळे. गोपीकृष्णांची गिरकी पाहून आपण तोंडात बोट घालतो. भगवानदादांचा नाच पाहून आपण उठून उभे राहतो. पुढे अमिताभ बच्चन यांच्यासारख्या उंचापुऱ्या नटानेही नाचताना हीच ढब उचलली, हे सर्वश्रुत आहे.

‘अलबेला’ने भगवानदादांना वैभवाच्या शिखरावर नेले. जुहूच्या समुद्रकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी होत्या असे सांगतात. पण शिखरावर राहण्यास जागा थोडी असते. १९५३ साली त्याच मंडळींना घेऊन ‘झमेला’ काढला. त्याला ‘अलबेला’ची सर आली नाही. १९५६ साली किशोरकुमार यांना घेऊन ‘भागमभाग’ काढला, तोही पडला. पैसा स्वतःचा, जबाबदारी स्वतःची, त्यामुळे बुडाले तेही स्वतःचेच. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी एकामागून एक गेल्या. ज्याच्या दारात माणसांची रीघ होती तो दादरच्या चाळीतल्या लहानशा घरात राहायला आला. जिथून निघाला तिथेच!

अशा वेळी मनुष्य ओळखला जातो. दिवाणखान्यातले बहुतेक मित्र पांगले. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण आणि विनोदी नट ओमप्रकाश हे मात्र चाळीचा जिना चढून येत राहिले. भगवानदादांनी काम सोडले नाही. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांना विनोदी भूमिका दिली होती, १९५६ च्या ‘चोरी चोरी’तही ते होते. पण हळूहळू भूमिका लहान होत गेल्या. पुढे पुढे कधी हवालदार, कधी नोकर, कधी वरातीतला एक माणूस. कित्येकदा तर एवढेच काम, की गाणे चालू असताना घोळक्यातून पुढे यायचे, आपल्या त्या प्रसिद्ध नाचाची दोन पावले टाकायची आणि पुन्हा घोळक्यात मिसळून जायचे. प्रेक्षक ओळखून टाळ्या देत. त्या टाळ्यांवर चूल पेटत होती.

या गोष्टीचा अर्थ काय लावायचा? कोणी म्हणेल, पैसा मिळत होता तेव्हा जपून ठेवायला हवा होता. बरोबर आहे. सात मोटारींपैकी सहा घेतल्या नसत्या तर म्हातारपणी हात पसरावा लागला नसता. हा उपदेश आपल्या घराघरांत होतो आणि तो खोटा नाही. पण तो पुरा नाही. गिरणीत वा कचेरीत आयुष्य घालवणाऱ्याला म्हातारपणी भविष्यनिर्वाह निधी तरी मिळतो. चित्रपटात रोजंदारीवर नाचणाऱ्याला काय मिळते? गुडघे दुखू लागले की काम संपले, काम संपले की नाव संपले. आणि मुळात नाव नव्हतेच! भगवानदादांजवळ निदान ‘अलबेला’ होता. त्यांच्या शेजारी उभे राहून नाचणाऱ्यांजवळ तेवढेही नव्हते.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आई वेचणीच्या दिवसांत कापूस वेचायला जाते. दिवाळीपासून पुढे कित्येक दिवस सकाळी शेतात वाकायचे, कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरायचा आणि संध्याकाळी काट्यावर तोलून द्यायचा. किलोमागे हिशेब. त्या कापसाची गाठ होते, सूत होते, कापड होते, कापडावर कंपनीचा शिक्का बसतो. वेचणारीचे नाव कुठेही नसते. म्हणून भगवानदादांचे चरित्र वाचताना मला ते केवळ एका नटाचे चरित्र वाटले नाही. ज्यांच्या हातापायांवर सारे उभे असते पण ज्यांची नावे पाटीवर येत नाहीत, अशा सगळ्यांची ती कथा आहे. त्यांच्यातला एक जण एकदा पाटीवर पोहोचला, एवढाच फरक. आणि त्याने पोहोचल्यावर कोणता नाच केला? राजवाड्यातला नाही, साहेबाचाही नाही. आपल्या वस्तीतला केला. हे मला त्याच्या बंगल्यापेक्षा मोठे वाटते.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने भगवानदादांचे निधन झाले. त्यावेळी ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. २०१६ साली त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई यांनी भगवानदादांची आणि विद्या बालन यांनी गीता बालींची भूमिका केली. उशिरा का होईना, त्यांचे नाव पुन्हा एकदा मोठ्या अक्षरांत पाटीवर आले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांची एक हकिकत सांगतात. गणपतीची मिरवणूक दादरच्या त्या चाळीसमोर आली की थांबे. बँडवाले ‘अलबेला’चे गाणे वाजवू लागत. मग हा थकलेला म्हातारा बाहेर येई आणि दोन्ही हात हवेत झुलवून नाचू लागे. खालचा सारा रस्ता त्याच्याबरोबर नाचे. नायक कोण आणि एक्स्ट्रा कोण, हे त्या वेळी कोणाला सांगता आले नसते.

आपल्याकडे पुसदला, वणीला, दारव्ह्याला कुठेही वरात निघू द्या. बँडचा ठेका पडला की नवरदेवाचा जाडजूड मामा पुढे होतो, खांदे हलवतो, हात मोकळे सोडतो आणि जागच्या जागी ठुमकू लागतो. तो भगवानदादांचा नाच करतो आहे हे त्याला ठाऊक नसते, पाहणाऱ्या पोरांनाही ठाऊक नसते. वाचकहो, पुढच्या वेळी असा मामा नाचताना दिसला तर शेजारच्या पोराला एवढेच सांगा, की हा नाच अमरावतीत जन्मलेल्या एका गिरणी कामगाराच्या मुलाचा आहे आणि त्याचे नाव भगवान आभाजी पालव.